सरांचा हात

१

"सरांचा हात गेला! अहो, सरांचा हात गेला!"

सकाळी प्रशिक्षण हॉलमधून अशी बोंब उठली आणि व्हरांड्यातून चाललेल्या नर्सच्या हातातला ट्रे खाली आदळला. बिचारीला वाटलं, मोठ्या सरांना अपघात झाला. पण सर तर जिन्यावरून धडधाकट खाली येत होते, दोन्ही हात नेहमीसारखे कोटाच्या खिशात. बोंब मारणारा होता यंत्रं सांभाळणारा पोरगेलासा तंत्रज्ञ. गळ्यात कायम एखादी वायर लोंबायची म्हणून सगळे त्याला चार्जर म्हणत.

गेलेला हात हाडामांसाचा नव्हता. प्लास्टिक सर्जरी शिकायला आलेले डॉक्टर त्या हॉलमध्ये डोळ्यांवर जाड चष्मा चढवत, हातात तारांचा मोजा घालत, आणि समोर हवेत एक चेहरा उभा राही. फाटलेला गाल, भाजलेली पापणी, जे हवं ते. मग मोजा आपणहून हलायला लागे. सरांनी कधीकाळी घातलेला एकेक टाका त्या यंत्रात साठवलेला होता, बोटांच्या हालचालीसकट, दाबासकट. पाटीवर अक्षर गिरवून घेताना मास्तर पोराचा हात धरतात ना, तसा तो साठवलेला हात शिकणाऱ्याचा हात धरून चाले. त्याला सगळे 'सरांचा हात' म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येई.

आज दुपारी त्याच हाताचा सोहळा होता. यंत्र बनवणारी कंपनी तो हात ठिकठिकाणच्या इस्पितळांना देणार होती, अर्थातच सरांच्या नावाने. संस्थेच्या अध्यक्षबाई येणार होत्या, गावातले झाडून सगळे सर्जन येणार होते. शेवटी कंपनीने एक गंमत ठेवली होती. सरांनी सगळ्यांसमोर मोजा घालून एक गाल शिवायचा, आणि खरा हात नि साठवलेला हात किती जुळतात ते यंत्राने पडद्यावर दाखवायचं.

आणि नेमका आजच हात गायब. यंत्रात त्याच्या जागी रिकामी चौकट, बस्स.

सरांनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी भूलताईंना बोलावलं.

भूलताई म्हणजे इस्पितळाच्या जुन्या भूलतज्ज्ञ. रोग्याला झोपवायचं आणि उशाशी बसून त्याचा श्वास राखायचा, यात त्यांचे केस पांढरे झाले होते. बाई बोलायला तिखट, पण कानाने आणि डोळ्याने त्याहून तिखट. औषधाच्या कपाटातून कोण बाटल्या पळवतं, कोणत्या डॉक्टरचं कोणत्या नर्सशी बिनसलंय, सगळं त्यांनी जागच्या जागी बसून शोधून काढलेलं होतं.

"बसा ताई," सर म्हणाले. "तुम्हाला शोधायचे कष्ट नाहीत. चोर सापडलाय. तुमच्याच घरचा आहे."

२

सरांनी कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला, वाटी उचलावी तसा, आणि सावकाश एक घोट घेतला. त्यांना घाई नव्हती. 

"तुमची भाची काल मोज्यांचे पट्टे बदलायला आली होती. दुपारी चार्जर चहाला गेला, तेव्हा हॉलमध्ये ती एकटीच. हात त्याच वेळी पुसला गेला, यंत्रात तशी नोंद आहे. आता सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तिने का करावं असं?"

"ते तुम्ही मला विचारताय?" सर हसले. "तिच्याकडून कबुली घ्या. सगळ्यांसमोर माफी मागू दे, मी मोठ्या मनाने सोडून देईन. नाहीतर दुपारी भर सभेत तिचं नाव घेईन, आणि पुढे पोलीस आहेतच. कंपनीही तिला दारात उभी करणार नाही. तुमच्यासाठी म्हणून आधी सांगतोय."

भूलताई खाली मान घालून बसल्या. लाजेने नव्हे हं. डोळ्यांतला जाळ सरांना दिसू नये म्हणून.

ठकू त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली आणि पोर मावशीच्या घरी वाढली. डावखुरी. हट्टाने सर्जन झाली, हट्टाने याच इस्पितळात प्लास्टिक सर्जरी शिकायला आली, आणि तिच्या तुकडीत तिच्यासारखा टाका कुणाचा नव्हता. जखम कुठे होती ते रोग्याच्या आईलाही दाखवता येऊ नये, असा टाका. सरांनी तिचं नाव 'डावरी' ठेवलं. शेवटच्या वर्षाला, भर ऑपरेशनमध्ये, सगळ्यांदेखत तिच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाले, "डावऱ्या हाताला माझ्या थिएटरात जागा नाही. लोकांच्या चेहऱ्यावर उलटे प्रयोग नकोत." तेव्हा टेबलावरच्या कापडी पडद्याच्या अलीकडे, रोग्याच्या उशाशी, भूलताईच बसल्या होत्या. रोगी झोपलेला, त्यांना उठताही येईना.

सरांचा शब्द मोठा. दुसऱ्या कुठल्याही संस्थेने तिला घेतलं नाही. आता ती त्याच यंत्राच्या कंपनीत खांद्यावर पिशवी अडकवून फिरे आणि मोज्यांचे पट्टे बदले. गाल शिवणारी बोटं पट्टे चिकटवत होती.

लोक म्हणाले, ताई, नोकरी सोडा, त्या माणसाचं तोंड कशाला बघता? भूलताईंनी सोडली नाही. त्यांनी डूख धरला होता. रोज त्याच्या उशाशी नाही, तरी त्याच्या टेबलाशी बसायचं आणि त्याच्या एका चुकीची वाट बघायची. देवाने ती चूक आजवर दिली नव्हती.

आणि आता हे. ठकूने खरंच रागाच्या भरात हात पुसला असेल तर? तर सूड बाजूलाच राहील आणि पोर उरल्यासुरल्या पोटापाण्यालाही मुकेल.

"दुपारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

"दिला. पण ताई," सर मागून म्हणाले, "तिला वाचवायला जाल तर तुम्हीही बुडाल."

३

चार्जर यंत्रासमोर डोकं धरून बसला होता.

"ताई, माझ्यावर येणार हो हे! संकेतशब्द दोघांनाच ठाऊक, सरांना आणि मला."

"आणि तो कुठे लिहून ठेवलायस?"

चार्जरने गुपचूप कीबोर्ड उचलून दाखवला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती.

"शाबास! म्हणजे झाडूवाल्यापासून अध्यक्षबाईंपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक. काल ठकू इथे एकटी होती?"

"मी चहाला गेलो तेव्हा होती. परत आलो तेव्हा नव्हती. पिशवी इथेच, बाई बाहेर व्हरांड्याच्या टोकाला नळावर हात धूत होती. ताई, मी नाही म्हणत हो तिने केलं. पण सर म्हणतात."

"सर काल इकडे फिरकले होते?"

"सर? सर कशाला येतील! ते आता मोज्याला हात लावत नाहीत. लांब उभं राहून सांगतात फक्त."

भूलताई हॉलभर फिरल्या. टेबलावर चार मोजे मांडलेले, चारही उजव्या हाताचे. यंत्राच्या पडद्यावर एका बटणावर काळी पट्टी चिकटवलेली दिसली.

"हे काय रे?"

"आरसा. दाबलं की चित्र उलटं होतं, डावा गाल उजवा होतो. खरं तर शिकवायला किती छान! पण मग हातही उलटतो ना, उजव्याचा डावा होतो. सरांनी सांगितलं, पोरांचा गोंधळ होईल, बंदच ठेव. त्यांच्या हाताला आरसा लावायची कुणाला छाती आहे?"

"आणखी काय गेलं? हातच गेला फक्त?"

"हातच. म्हणजे, तसा एक जुना कचराही गेला. 'चाचणी' नावाचं काहीतरी होतं, यंत्र नवीन आलं तेव्हाचं. मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. बरं झालं, जागा मोकळी झाली."

"थांब. चोराने हात पुसला आणि त्याबरोबर कचराही काढला?"

"हो. शहाणा चोर दिसतोय, झाडलोटही करून गेला!" चार्जर हसला आणि भूलताईंचा चेहरा बघून लगेच गप्प झाला.

सूड घ्यायला आलेला माणूस कचरा कशाला काढेल? भूलताईंच्या डोक्यात हा किडा शिरला तो शिरलाच. पण उत्तर काही सुचेना, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. बाहेर खुर्च्या मांडायला सुरुवातही झाली होती.

४

शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टर कातडीसारख्या रबराच्या तुकड्यांवर टाके घालत बसले होते. चौघंही तोंड पाडून. हात गेल्याचं त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. त्यातला सगळ्यांत उंच, त्याला बांबू म्हणत, तो म्हणाला, "ताई, आम्ही जे काही शिकलो ते त्या हाताने. सर प्रत्यक्ष शिकवायला कुठे मोकळे असतात?"

"तुमच्यापैकी कुणाला पुसावासा वाटला असेल का?"

"आम्ही? ज्या फांदीवर बसलोय तीच तोडू?" जाड चष्म्याची मुलगी जवळजवळ चिडलीच. "उलट ताई, ज्याला सरांचा राग आहे त्यानेच..." ती मध्येच थांबली. भूलताईंची भाची कोण, हे तिलाही ठाऊक होतं.

भूलताई खुर्ची ओढून डोळे मिटून बसल्या. सवयच ती. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या नि सर्जनच्या मध्ये कापडी पडदा असतो. पलीकडचे हात दिसत नाहीत, ऐकू मात्र सगळं येतं. चौघं पुन्हा कामाला लागले आणि खोलीत तो ओळखीचा आवाज सुरू झाला.

खट्-कट. खट्-कट. खट्-कट.

या नव्या पोरांच्या टाक्याचा हा आवाज त्या थिएटरमध्ये रोज ऐकत आल्या होत्या, आणि रोज तो त्यांच्या कानाला खटकत होता. सुई धरायच्या चिमट्याला एक खटका असतो. टाका झाला की खटका सोडायचा, 'कट' असा एकच आवाज होतो. पूर्वी सर स्वतः शिवायचे तेव्हा एकच व्हायचा. मग या पोरांचे दोन का होतात?

त्यांनी डोळे उघडले आणि बांबूच्या अंगठ्याकडे टक लावून पाहिलं. टाका झाला. बांबूने अंगठा आत, तळव्याकडे ओढला. खटका अडला, खट्. मग अंगठा बाहेर ढकलला, कट, सुटला. शेजारच्या मुलीनेही तेच केलं. चौघांनीही तेच.

"अंगठ्याचं काय चाललंय हे तुमचं?"

"ती सरांची लकब आहे ताई," बांबू अभिमानाने म्हणाला. "मोजा अंगठा असाच आत ओढतो. मोज्यात चिमट्याची नुसती मूठ असते, तिला खटका नसतो, त्यामुळे तिथे अडत नाही. खऱ्या चिमट्याला जरा अडतं. पण सरांचंच चुकत असेल असं कसं म्हणणार?"

"कसं म्हणणार!" भूलताई पुटपुटल्या.

तो चिमटा बनतो उजव्या हातासाठी. उजव्याने अंगठा बाहेर ढकलला की खटका सुटतो. डावऱ्याने तसं केलं तर तो आणखी घट्ट बसतो. म्हणून डावरा माणूस बिचारा अंगठा आत ओढायला शिकतो. कात्रीचंही तेच. लहानपणी ठकू कागद कापताना जीभ बाहेर काढून, अंगठा आत ओढून अशीच झगडायची, आणि भूलताई म्हणायच्या, अगं जरा नीट धर की.

उजव्या हाताला ही लकब असूच शकत नाही. जगातल्या कुठल्याच उजव्या हाताला तिची गरज पडत नाही. हा हात डावा होता. आरशात उलटवून उजवा केलेला.

भूलताई खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. गेलेला हात सरांचा नव्हताच मुळी.

५

इस्पितळाच्या मागच्या अंगणात धुतलेल्या हिरव्या चादरी वाळत होत्या. ठकू तिथे पिशवीवर बसून मोज्याचा पट्टा चिकटवत होती, डाव्या हाताने.

"मावशी, तुला पाठवलं ना त्यांनी? माझी माफी लिहून न्यायला?"

"तो हात तुझा होता," भूलताई म्हणाल्या.

ठकूने पट्टा खाली ठेवला.

"तुला कसं कळलं?"

"आधी तू सांग."

"यंत्र नवीन होतं, मावशी. सर म्हणाले, तू जरा मोजा घालून बघ, चालतो का ते. चाचणी. मग रोज चाचणी. गाल, ओठ, पापणी, सगळं माझ्याकडून शिववून घेतलं. मला वाटलं, सरांना माझा हात आवडला! खुळी मी. त्यांची बोटं आखडत चालली होती, हे मला पुढे कळलं. चाचणी संपली आणि महिन्याभरात मला हाकललं. का, तेही तेव्हा कळलं नाही. कंपनीत लागले आणि पहिल्यांदा 'सरांचा हात' घालून पाहिला. मावशी, माझाच हात माझा हात धरून चालत होता, फक्त उलटा. मी मोजा काढला आणि न्हाणीघरात जाऊन ओकले."

भूलताईंनी तिचं डोकं पोटाशी ओढलं. रडू येत नव्हतं, इतका राग आला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"कोण ऐकणार? हाकललेली डावरी विरुद्ध मोठे सर! म्हणून मी वेगळा डाव टाकला. कंपनीत मीच सुचवलं, सोहळ्यात सरांचा हात नि साठवलेला हात जुळवून दाखवा, लोकांना मजा वाटेल. सगळ्यांना आवडलं. काल सर व्हरांड्यात दिसले तेव्हा म्हटलं, सर, उद्या जुळणी आहे, बोटं मोकळी करून ठेवा. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. मग मी हॉल रिकामा सोडून नळावर गेले. ते आत शिरले. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, तो माणूस हात पुसणार!"

"त्यांना दोनच वाटा होत्या, मोजा घालायचा किंवा हात मारून टाकायचा. मी म्हटलं, मारू दे. त्यांच्या नावावर जगण्यापेक्षा मेलेला बरा. आता त्यांच्याकडे काय उरलं? काही नाही. माझं मन निवलं, मावशी. पोलिसांत दिलं तर देऊ देत."

"तुझं निवलं असेल," भूलताई म्हणाल्या, "माझं नाही. तो माणूस तुला हाकलून मोठा झाला, आता तुला चोर ठरवून बिचारा होणार! नाही गं बाई. ऊठ. हात धू आणि माझ्याबरोबर चल."

"पण पुरावाच नाही. पुसलाय ना त्यांनी!"

"त्याने यंत्रातला पुसलाय," भूलताई म्हणाल्या. "चौघांच्या अंगठ्यातला कसा पुसेल?"

६

सभा भरली होती. सरांनी दुःखी चेहरा छान लावला होता.

"सांगताना वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण ज्या विद्यार्थिनीला मी कधीकाळी शिकवलं, तिनेच सूडबुद्धीने..."

"चोराच्या उलट्या बोंबा!" भूलताई मागून मोठ्याने म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. अध्यक्षबाई चमकल्या. भूलताई ठकूला हाताला धरून थेट पुढे आल्या, त्यांच्या मागे चार्जर आणि चौघं शिकाऊ.

"अध्यक्षबाई, मला हात शोधायला सांगितलं होतं. सापडलाय. जरा ऐका."

त्यांनी चौघांना टेबलाशी बसवलं, समोर रबराचे तुकडे नि चिमटे दिले, माइक जवळ ठेवला. सभागृहात आवाज घुमला. खट्-कट. खट्-कट. मागच्या रांगेतल्या सर्जनांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचे स्वतःचे अंगठे मांडीवर नकळत हलायला लागले होते.

"कुठल्या उजव्या सर्जनचा अंगठा असा आत जातो?" भूलताईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही," एक म्हातारे सर्जन म्हणाले. "असलं फक्त डावरे करतात."

"पोरं म्हणतात, ही सरांची लकब. सर, तुम्ही एक टाका घालून दाखवा. मोजा नको, यंत्र नको. हा साधा चिमटा."

सरांचे हात कोटाच्या खिशातून बाहेर आले नाहीत.

"हा काय पोरखेळ आहे?"

"बरं, राहू दे. ठकू, तू घाल."

ठकूने डाव्या हातात चिमटा घेतला आणि टाका घातला. भूलताईंनी नर्सेसच्या खोलीतला मोठा आरसा चार्जरकडून टेबलाशी धरवून घेतला होता. "हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. इथे मात्र आरसाच लागतो. बघा त्यात."

आरशातला हात उजवा दिसत होता. अंगठा आत ओढला जाई आणि टाका पाण्यावरच्या रेघेसारखा मिटून जाई. बांबूचं तोंड उघडंच राहिलं. "सरांचा हात!" तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे... मॅडमचा."

"बनाव आहे!" सर ओरडले. "हात तिचा असेल तर पुसलाही तिनेच! राग तिलाच होता!"

"राग होता. मलाही आहे, आजही आहे," भूलताई म्हणाल्या. "पण काल एक नाही, दोन गोष्टी पुसल्या गेल्या. 'सरांचा हात' आणि 'चाचणी' नावाचा जुना कचरा. चार्जर, तो उघडून पाहिला होता का कुणी?"

"कुणीच नाही ताई."

"त्या कचऱ्यात मूळ हात होता, आरसा लावण्याआधीचा. डावा. हे दोनच माणसांना ठाऊक, ज्याचा हात तो आणि ज्याने उलटवला तो. बाहेरच्या चोराला कचऱ्याची खबरच नसेल. आणि ठकूला सूड घ्यायचा असता तर तिने तोच कचरा जिवापाड जपला असता. तिच्याकडे दुसरा पुरावा काय होता? तो पुसून ती स्वतःचाच गळा कशाला कापेल? तो नष्ट व्हावा अशी गरज फक्त एकाला होती. आज दुपारी ज्याला सगळ्यांसमोर मोजा घालायचा होता त्याला."

अध्यक्षबाई सरांकडे वळल्या. "तुम्ही हात बाहेर काढा बघू."

सरांनी हात काढले. उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वाकलेली होती, सरळ होईनात.

"डोकं माझं होतं!" ते एकदम किंचाळले. "पद्धत माझी, नाव माझं! टाके कुणी घातले याला काय महत्त्व आहे? हात कुणाचाही असता!"

"मग डावऱ्याचा का चालला नाही?" ठकूने विचारलं. शांतपणे, अगदी घरी विचारावं तसं.

सर खाली बसले. त्यांच्या शेजारच्या सर्जनने खुर्ची जरा बाजूला सरकवली, मग पलीकडच्यानेही. भूलताईंनी हे सगळं डोळे भरून पाहिलं. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. काही वाटत नाही हो पोकळ! त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटलं. दया आली नाही, यावी असंही वाटलं नाही.

अध्यक्षबाईंनी सरांना पद सोडायला सांगितलं, तिथल्या तिथे. मग त्या बराच वेळ कंपनीच्या लोकांशी बोलल्या आणि ठकूपाशी आल्या. आवाज एकदम मऊ.

"झालं ते फार वाईट झालं. पण इतकी इस्पितळं थांबलीत. तुमचं शिक्षण इथेच पुरं करून देऊ, आणि हाताला तुमचं नाव देऊ. पुन्हा एकदा मोजा घालाल? बाकी सगळं पूर्वीसारखंच. आरसा लावला की झालं."

ठकूने मावशीकडे पाहिलं. भूलताईंनी बोटाने तिच्याकडेच दाखवलं. हा निकाल तिचा होता.

"घालीन," ठकू म्हणाली. "पण आरसा लावायचा नाही. हात डावाच राहील."

अध्यक्षबाई गोंधळल्या. बांबू न राहवून पुढे आला. "पण मॅडम, आम्ही सगळे उजवे! डाव्या हाताकडून आम्ही शिकायचं कसं?"

"मी शिकले तसं," ठकू म्हणाली. "उलटं."